सात महिन्यांचं बाळ रात्री सारखं उठतं. झोप-सल्लागाराचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण तो सांगण्याआधी विचारतो किती, यावर सगळं आहे. पहिल्याच फोननंतर छापील वेळापत्रक पाठवणाऱ्याला पैसे देऊ नका. नीट काम करणारी व्यक्ती आधी काही दिवसांची नोंद मागते: बाळ कधी झोपलं, कधी उठलं, दूध कधी प्यायलं आणि डोळा कशाने लागला.

हे शेवटचं बहुतेक वेळा कळीचं निघतं. या वयात झोपेचं एक चक्र साधारण 50 ते 60 मिनिटांचं असतं आणि दोन चक्रांच्या मध्ये बाळ अर्धवट जागं होतंच. रोज पितापिताच झोपायची सवय असेल, तर तेव्हाही त्याला तेच हवं असतं. एखाद्या घरात पेंगुळलेल्या बाळाला जागेपणीच खाली ठेवणं जमतं. दुसऱ्या घरात रडणं ऐकवत नाही, तिथे सवय हळूहळू सोडवावी लागते. रात्री बाळाला घेणारं आणखी कोणी असेल, तर त्यांनाही योजनेत धरा, नाहीतर पहाटे सगळं मुसळ केरात!

बारा तास सलग झोपेचं आश्वासन मात्र खरं मानू नका. 4 ते 12 महिन्यांच्या बाळांना दिवसाची धरून 12 ते 16 तास झोप लागते, आणि रात्री भूक लागणंही स्वाभाविक आहे. घोरणं, श्वास अडखळणं किंवा वजन न वाढणं दिसलं, तर आधी बालरोगतज्ज्ञ. आणि बाळाला पालथं झोपवायला सांगणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. वर्षभर पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, उशी-दुलईशिवायच झोपवायचं.