वाचकांचे प्रश्न : मुंबईत एक दिवस, गाडीत दोन रात्री

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या सहा जणांनी रेल्वेने मुंबईला जाऊन यावे, असा आमचा विचार आहे. सासरे ७२ वर्षांचे आहेत. सासूबाई ६८ वर्षांच्या असून त्यांचे गुडघे दुखतात. मुले ९ आणि ४ वर्षांची आहेत. मुंबईत मुक्काम करायचा नाही. मुलांना पेंग्विन पाहायचे आहेत, तर सासऱ्यांना गेटवे आणि घारापुरी. एका दिवसात हे जमेल का, आणि आरक्षण कसे करावे?
– एक वाचक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : जमेल, मात्र घारापुरी या वेळी वगळावी लागेल. गेटवेपासून बोटीने तिथे पोचायला सुमारे तासभर लागतो, परतायला तेवढाच, आणि लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. दुखऱ्या गुडघ्यांनी एवढे करून पुन्हा संध्याकाळी गाडी गाठण्याची धावपळ सासूबाईंच्या वाट्याला येऊ नये, असे मला मनापासून वाटते. सकाळी एक ठिकाण आणि दुपारनंतर एक, एवढेच ठरवावे.

रेल्वेने कोल्हापूर ते मुंबई हे अंतर ५०० किलोमीटरहून अधिक आहे, त्यामुळे दिवसाच्या गाडीने जाऊन त्याच दिवशी परतणे शक्य नाही. आपल्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसच सोयीची. ती रात्री जेवणाच्या वेळेला कोल्हापूरहून सुटते आणि सकाळी मुंबईत पोचवते. मुंबईहूनही ती रात्री आठनंतर सुटते आणि सकाळी कोल्हापुरात आणते. वेळापत्रकात अधूनमधून बदल होतात, म्हणून निघण्याआधी १३९ या क्रमांकावर वेळेची खात्री करून घ्यावी. शुक्रवारी रात्री निघून शनिवार मुंबईत घालवावा, असे मी सुचवीन. रविवारी लोकलच्या मार्गांवर मेगाब्लॉक असतो आणि पेंग्विन असलेली राणीची बाग बुधवारी बंद असते. शिवाय शनिवारी रात्री परतीला निघाल्यास रविवार घरी विश्रांतीला मिळतो.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता खुले होते, म्हणजे दिवाळीनंतरच्या प्रवासाचे तिकीट गणपतीच्या दिवसांतच काढावे लागते. जाण्याचे आरक्षण एका सकाळी खुले होते आणि परतीचे दुसऱ्या सकाळी. घरात आरतीची आणि नैवेद्याची गडबड असली तरी या दोन सकाळी कोणीतरी एकाने मोकळे राहावे. दोन्ही बाजूंचे तिकीट निश्चित झाल्याशिवाय मुलांना तारीख सांगू नये. ऑनलाइन तिकीट काढणार असाल, तर खाते आधारशी आधीच जोडून ठेवावे, कारण आयत्या वेळी तत्काळची पाळी आली तर त्यावाचून अडते.

सहा जणांचे एकच तिकीट काढण्याची आपल्याकडे सवय असते. इथे तसे करू नये. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा जो कोटा आहे, त्यात ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला बसतात, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघेच चालतात. म्हणून सासू-सासऱ्यांचे तिकीट त्या कोट्यातून वेगळे काढावे. डबा वेगळा येण्याची शक्यता राहते. तरीही रात्री वरच्या बर्थवर चढण्यापेक्षा ते बरे. डबे वेगळे आलेच, तर आपल्यापैकी एकाने रात्री झोपण्यापूर्वी त्यांच्याकडे एक फेरी मारावी. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा खर्चाचा हिशेब पूर्ण भाड्यानेच करावा. धाकट्या मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. थोरल्याला अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही, त्यामुळे सलग दोन रात्रींच्या प्रवासात त्याच्यासाठी पूर्ण भाडे भरावे. तिथे काटकसर नको.

रात्रीचे जेवण घरीच उरकावे किंवा चपाती, दाण्याची चटणी आणि भडंग असा कोरडा डबा बरोबर घ्यावा. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर प्रतीक्षालयात तोंड धुऊन, कपडे बदलून, कुलूप लावलेल्या बॅगा सामानघरात ठेवाव्यात. तिकीट आणि ओळखपत्र हाताशी असावे. निघण्यापूर्वी दहा मिनिटे स्थानकाच्या दर्शनी बाजूला उभे राहावे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या वास्तूचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. प्रवेशद्वाराच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ बसवलेला आहे. सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. नऊ वर्षांच्या मुलाला ते आधी न सांगता शोधायला लावावे.

तिथून लोकलने भायखळा. मुंबईत सकाळची गर्दी टर्मिनसकडे येणारी असते आणि आपण उलट दिशेला जाणार असल्याने मुलांना बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच असते. राणीची बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, स्थानकाच्या पूर्वेला जवळच आहे आणि तिथे २०१७ पासून पेंग्विन पाहायला मिळतात. बाग उघडताच आत जावे आणि प्रथम पेंग्विनच पाहावेत, कारण उशीर होईल तशी रांग वाढत जाते. बागेत झाडांची सावली भरपूर आहे. सासूबाईंना बाकावर बसवून आपण प्राणी पाहून येऊ शकता.

जेवणानंतर टॅक्सीने गेटवेला जावे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चारच प्रवासी घेतात, तेव्हा दोन टॅक्सी कराव्या लागतील. १९२४ मध्ये पूर्ण झालेली ती कमान सासऱ्यांना निवांत पाहू द्यावी. ऊन जास्त असेल, तर जवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तासभर बसून-फिरून घ्यावे. संध्याकाळी चौपाटीचा आग्रह धरू नये, कारण शनिवारी तिकडे वाहनांची गर्दी असते. सात वाजता स्थानकात परतावे आणि गाडी टर्मिनसवरच पकडावी. दादरला ती काही मिनिटेच थांबते, आणि तेवढ्यात म्हातारी माणसे आणि मुले यांना घेऊन डबा शोधणे फार कठीण जाते.

प्रश्न : मुलीला खंडाळ्याचा घाट रेल्वेतून दाखवायचा आहे. महालक्ष्मीऐवजी कोयना एक्स्प्रेस घ्यावी का?
– एक वाचक, कागल

उत्तर : जाताना नको, येताना घ्यावी. कोल्हापूरहून सकाळी निघालेली कोयना मुंबईला पोचेपर्यंत रात्र होते आणि दिवस गाडीतच संपतो. महालक्ष्मीने जाऊन मुंबईत एक मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोयनेने परतावे. कर्जतला चढासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडतात, ती मुलीला खिडकीतून अवश्य दाखवावीत. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या बोरघाटात एकामागून एक बोगदे लागतात. लोणावळ्याला ती इंजिने सुटली, की घाट संपला. त्यानंतर पुणे, सातारा, कऱ्हाड करीत कोल्हापूरला यायला रात्र होते, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा असेल, तर ही गाडी घेऊ नये.