कॅटफिशची शास्त्रीय नावं कशी वाचावीत

कॅटफिश म्हणजे मिशावाल्या माशांची नावं घोकू नका, फोडून वाचा. कोरिडोरास म्हणजे ग्रीक 'कोरिस' (शिरस्त्राण) अधिक 'डोरास' (कातडी, चिलखत). कुशीवरच्या हाडांच्या पट्ट्यांच्या दोन रांगा नीट बघा, नाव आपोआप लक्षात राहील. अँसिस्ट्रस म्हणजे गळ, आकडा. गालावरच्या वाकड्या काट्यांवरून. हेटेरोप्न्यूस्टेस म्हणजे वेगळ्या तऱ्हेने श्वास घेणारा, कारण कल्ल्यांमागच्या लांब पिशव्यांनी तो हवाही घेतो. किती नेमकं नाव!

शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा (genus), दुसरा जातीचा (species). या दुसऱ्या शब्दाच्या, जातिनामाच्या, शेवटी 'एन्सिस' असेल तर ते स्थळावरून आलेलं.

नवखे हमखास चुकतात ते कंसात. नावापुढे ते जातिनाम देणारा शास्त्रज्ञ आणि वर्ष लिहितात. 'क्लॅरिअस बॅट्रॅकस (लिनिअस, १७५८)' इथला कंस सांगतो की लिनिअसने हा मासा मुळात दुसऱ्या प्रजातीत, सिल्युरसमध्ये, घातला होता. म्हणून कंस मनाने घालू नका, गाळूही नका.