वाचकांचे प्रश्न: आयता वंशवृक्ष किती खरा मानावा?

प्रश्न: माझ्या पतीचे घराणे मूळचे इंग्लंडातले. त्यांची वंशावळ तयार करण्यासाठी मी सहा महिन्यांपूर्वी एका संकेतस्थळाची सभासद झाले. आजी-आजोबांपर्यंतची माहिती घरातल्या कागदपत्रांवरून भरली. त्यानंतर रोज नव्या सूचना येऊ लागल्या आणि त्या स्वीकारत गेल्यावर तीन आठवड्यांत वृक्ष थेट १६४० पर्यंत पोहोचला. आता पाहते तो एका बाईला वयाच्या आठव्या वर्षी मूल झालेले दिसते, सहा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाची जन्मसाले १८०२ आणि १८०६ अशी दोन आहेत, आणि एका जोडप्याचे मूल लग्नाच्या तीन महिने आधी जन्मलेले आहे. हीच माहिती इतर चौदा सभासदांच्या वृक्षांतही आहे. मग चूक कोणाची आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची?

उत्तर: चौदा वृक्षांत तीच माहिती आहे म्हणून तिला चौदा साक्षीदार मिळाले, असे होत नाही. एकाने अंदाजाने लिहिलेली तारीख दुसऱ्याने स्वीकारली, तिसऱ्याने दुसऱ्याकडून उतरवून घेतली, आणि आता संकेतस्थळाची संगणकप्रणाली त्या सर्वांच्या आधारे आपल्यालाही तीच तारीख सुचवते आहे. ही प्रणाली नाव, साल, गाव आणि जवळच्या नातलगांची नावे ताडून पाहते व बऱ्यापैकी जुळणी झाली की सूचना पाठवते. मूळ कागदाचा अर्थ लावण्याचे काम आपल्याकडेच राहते. म्हणून सूचना मूळ नोंदीकडे नेते की दुसऱ्याच्या वृक्षाकडे, हे आधी पाहावे. दुसऱ्याच्या वृक्षाकडे नेणारी सूचना मी स्वतः कधीच थेट स्वीकारत नाही. त्या वृक्षात पुराव्यादाखल एखादी नोंद जोडलेली असेल तर ती उघडून वाचतो. नसेल तर पुढे जातो.

आपण कळवलेल्या तिन्ही विसंगती मात्र बोलक्या आहेत. पहिल्या दोन बहुधा एकाच कागदातून आलेल्या असाव्यात, तो म्हणजे १८४१ ची इंग्लंडची जनगणना. त्या वर्षी प्रगणकांना अशी सूचना होती, की पंधरा वर्षांवरील माणसाचे वय पाचाच्या पटीत, खालच्या आकड्यावर आणून लिहावे. त्यामुळे ३९ वर्षांचा माणूस ३५ चा लिहिला गेला, आणि १८४१ मधून ३५ वजा करून कोणीतरी त्याचे जन्मसाल १८०६ ठरवले. १८५१ च्या जनगणनेत खरे वय विचारले गेले. तिथे तो ४९ चा दिसत असेल, तर १८०२ हे साल तिथून आलेले आहे आणि तेच अधिक विश्वासार्ह आहे. प्रत्येक प्रगणकाने ती सूचना पाळली असे नाही, हेही ध्यानात ठेवावे.

१८४१ च्या त्याच यादीत घरातल्या माणसांचे कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिलेले नाही. तो रकाना १८५१ पासून आला. यादीत वीस वर्षांची बाई आणि तिच्याखाली बारा वर्षांचे मूल दिसले की घाईने वाचणारा त्यांना आई-मूल समजतो. वीसचा आकडा चोवीसपर्यंतच्या कोणाचाही असू शकतो हे धरले, तरी ती त्या मुलाची आई होऊ शकत नाही. ती मोठी बहीण असेल, आत्या असेल किंवा घरातली मोलकरीण. आठव्या वर्षीच्या मातृत्वाचा उलगडा असाच काहीसा निघेल, असे मला वाटते.

लग्नाआधी जन्मलेल्या मुलाचे कोडे, त्या तारखा १७५२ पूर्वीच्या असतील तर, कॅलेंडरने सुटते. तोवर इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. चर्चच्या नोंदवहीत लग्न मे १७२० मध्ये आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० मध्ये असे लिहिलेले असेल, तर तो फेब्रुवारी मे महिन्यानंतरचा, म्हणजे आजच्या हिशेबाने १७२१ चा आहे. मधले अंतर नऊ महिन्यांचे आहे, आणि त्या जोडप्यावर वृक्षात उगाच ठपका आला आहे. जाणकार अशी तारीख १७२०/२१ अशी लिहितात. आपणही तशीच लिहावी.

दुरुस्ती स्वतःच्या पिढीपासून मागे जात करावी. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा: हा मुलगा त्याच बापाचा, हे कोणता कागद सांगतो? ज्या टप्प्यावर उत्तर मिळणार नाही तिथून मागची साखळी सोडवून ठेवावी. ती माणसे पुसून टाकू नयेत, कारण पुढे एखादी नोंद सापडल्यावर ती पुन्हा जोडता येतात. या कामात दोन खड्डे हमखास लागतात. तान्हे मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवण्याची रीत तेव्हा सर्रास होती, त्यामुळे जगलेल्या माणसाला मृत भावाची बाप्तिस्मा-नोंद चिकटलेली असते. त्याच नावाची दफननोंद त्या दोन तारखांच्या मधे सापडते का, हे अवश्य पाहावे. दुसरे असे, की जुन्या नोंदीतले ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे शब्द नेहमी बाप-लेकाचेच नसतात. एका गावात एकाच नावाची दोन माणसे असली की वयाने मोठ्याला पहिला आणि धाकट्याला दुसरा शब्द लावत.

प्रश्न: जनगणनेत जे कुटुंब असायलाच हवे, ते शोधचौकटीत नाव टाकून सापडत नाही. सभासदत्व वाया गेले असे समजावे का?

उत्तर: तसे समजू नये, कारण आपण कागदात शोध घेतलेलाच नाही. आपण घेतला तो कागदावरून केलेल्या सूचीत, आणि सूची दुसऱ्या कोणीतरी जुने हस्ताक्षर वाचून केलेली असते. जुन्या इंग्रजी लेखनातला लांब ‘एस’ ‘एफ’सारखा दिसतो, एवढ्यानेही आडनाव भलतीकडे जाते. शोधताना शंका असलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि अक्षरसमूहाच्या जागी तारांकन टाकण्याची सोय बहुतेक सेवांवर असते. उच्चारावरून जुळणी करणारी साउंडेक्स ही पद्धत जुनी आहे. तिचे पेटंट १९१८ मधले. ती पहिले अक्षर कायम ठेवते, पुढचे स्वर गाळते आणि व्यंजनांना अंक देते, त्यामुळे स्मिथ आणि स्मायथ दोघांनाही एस५३० हाच संकेत मिळतो. पण पहिलेच अक्षर बदलले की ती हात टेकते. ‘सी’ने लिहिलेली कॅथरीन ‘के’ने शोधून तिच्याकडून मिळत नाही.

माझा अनुभव असा, की आडनाव सोडूनच शोध घ्यावा. आईचे पहिले नाव, थोरल्या मुलाचे पहिले नाव, गाव आणि अंदाजे वय एवढेच टाकले की अडलेले घर पुष्कळदा सापडते. तेही जमले नाही, तर त्या गावाची पाने एकेक करून चाळावीत. फॅमिलीसर्च ही चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सची सेवा विनामूल्य आहे, आणि तिथल्या कितीतरी नोंदींची चित्रे नावांची सूची न होता तशीच ठेवलेली आहेत. ती गाव व साल निवडून पाहावी लागतात.

काही वेळा कागदच उरलेला नसतो. इंग्लंड व वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. त्या काळासाठी सप्टेंबर १९३९ मध्ये केलेली राष्ट्रीय नोंदवही वापरतात. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचा बहुतेक भाग १९२१ च्या आगीत गेला. शोध सुरू करण्याआधी ती नोंद आज अस्तित्वात आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ संध्याकाळी वाचतात.

प्रश्न: कागद संपले की डीएनए चाचणीने पुढचे पूर्वज कळतील का?

उत्तर: पूर्वजांची नावे चाचणी देत नाही, ज्यांनी त्याच सेवेकडे चाचणी केली आहे, अशा हयात नातलगांची यादी ती देते. सख्ख्या भावंडांत साधारण निम्मा डीएनए समान असतो, तर आजी-आजोबा समान असलेल्या भावंडांत सरासरी साडेबारा टक्के. केवळ खापरपणजोबा-खापरपणजी समान असतील, तर दहांपैकी साधारण एका जोडीत काहीच समान आढळत नाही, म्हणून जुळणी न दिसल्यावरून नाते नाही असे ठरवता येत नाही. यादीतल्या ‘कझिन’ या शब्दाने आपली आणखी एक अडचण होते. चुलत, आते, मामे, मावस ही चारही नाती त्या एका शब्दात कोंबलेली असतात, आणि आपल्याला तर बापाकडचा की आईकडचा हेच जाणून घ्यायचे असते. यासाठी आई किंवा वडील हयात असल्यास त्यांचीच चाचणी करावी. त्यांच्याशीही जुळणारे नातलग त्यांच्या बाजूचे, असे मग वेगळे काढता येते.

चाचणीपूर्वी घरच्यांची संमती घ्यावी, कारण आपल्या नमुन्यातून भावाबहिणींचीही माहिती उघड होत असते. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीकडील सुमारे ६९ लाख लोकांची माहिती परक्यांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नमुना नष्ट करण्याची आणि माहिती पुसण्याची सोय खात्यात कुठे आहे, हे पैसे भरण्याआधी पाहून ठेवावे. कागदी वृक्षाचेही तेच. तो जेडकॉम (वंशवृक्ष एका सेवेतून दुसरीत नेण्यासाठी वापरतात तो फाइलप्रकार) स्वरूपात उतरवून आपल्या संगणकावर ठेवावा; मात्र त्या फाइलीत छायाचित्रे आणि नोंदींची चित्रे येत नाहीत, ती सभासदत्व चालू असतानाच एकेक करून वेगळी जतन करावी लागतात.