पहिला क्लास घेताय? एवढंच बघा

भाऊ, बीजीएमआय (मोबाइलवरचा बंदुकांचा ऑनलाइन गेम) शिकायला चार पोरं जमवलीत, निम्मं काम झालं. आता एका रात्रीत सगळं शिकवायच्या भानगडीत पडू नका. पहिल्या दिवशी एकच विषय घ्या: झोनमध्ये, म्हणजे मॅपवरच्या सुरक्षित वर्तुळात, वेळेवर शिरणं. पांढरं वर्तुळ (पुढची सुरक्षित जागा) कुठं, निळं (आकसत येणारी हद्द) कुठवर आलंय, निघायचं कधी. नवी पोरं लूट गोळा करत बसतात आणि निळ्या हद्दीबाहेर अडकतात. त्याचा मार टप्प्याटप्प्यानं वाढत जातो, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

मॅप लिविक घ्या. एरँगल ८ बाय ८ किलोमीटरचा, नुसतं पळण्यातच वेळ जातो. लिविक २ बाय २, सामना लवकर उरकतो आणि चूक ताजी असतानाच दाखवता येते.

तयारी फार नाही:
- तुमच्याच खेळाचं दोन मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग. वर्तुळ आकसायला लागलं की थांबवा आणि विचारा, "आता कुठं पळशील?" उत्तर लगेच फोडू नका.
- तुम्ही बोलताना बाकीचे माइक बंद. चार घरांतल्या कूलरची घरघर एकदम आली तर काय ऐकू येणार? आणि मे महिन्यात जळगावात कूलर बंद कर म्हणायची सोय नाही.
- फोन चार्ज.

नव्या गुरूची नेहमीची खोड म्हणजे शिकवायचं सोडून स्वतःच किल घेत सुटणं. तुम्ही मागं राहा, कुठं जायचं, काय करायचं हा कॉल पोरांना देऊ द्या. चुकले तरी सामना संपेपर्यंत टोकू नका. जायरो (फोन हलवून नेम धरणं), सेन्सिटिव्हिटीचे (बोट फिरवल्यावर नेम किती झटकन हलतो त्याचे) आकडे कुणीतरी विचारेलच. "पुढच्या वेळी" म्हणा आणि सरळ टाळा.