हिवाळी आणि उन्हाळी, दोन्ही ऑलिंपिकची पदके

प्रश्न : आमच्या शाळेतील एक विद्यार्थिनी रोज शेतरस्त्याने सायकल चालवत येते आणि कबड्डीही उत्तम खेळते. ‘एकच खेळ धर,’ असे तिला सगळे सांगतात. हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये पदके मिळवणारे कोणी आहे काय?
– एक शिक्षक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : आहे, आणि तिची कहाणी तुमच्या विद्यार्थिनीला अवश्य सांगावी. पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा लुडिंग-रोटेनबुर्गर हिने १९८८ च्या फेब्रुवारीत कॅल्गरी येथे बर्फावरील स्पीड स्केटिंगमध्ये १००० मीटरचे सुवर्ण व ५०० मीटरचे रौप्य पटकावले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोल येथे सायकलिंगच्या स्प्रिंट शर्यतीत रौप्यपदक जिंकले. १९९४ पासून ही दोन्ही ऑलिंपिक वेगवेगळ्या वर्षी भरत असल्याने एकाच वर्षी असे यश मिळवणे आता कोणालाच शक्य नाही. बर्फ नसलेल्या महिन्यांत सराव सुटू नये म्हणून प्रशिक्षकांनी तिला सायकलीकडे वळवले होते. दोन्ही खेळांत कंबरेतून वाकून, पाठ जवळजवळ आडवी ठेवून मांड्यांच्या जोरावर वेग घ्यावा लागतो, त्यामुळे एकीकडची मेहनत दुसरीकडे कामी येते. कॅनडाच्या क्लारा ह्यूजने याच दोन खेळांत एकूण सहा पदके मिळवली. अमेरिकेच्या एडी ईगनचे उदाहरण मात्र अधिकच विलक्षण आहे, कारण १९२० मध्ये मुष्टियुद्धात आणि १९३२ मध्ये बॉबस्लेत, म्हणजे बर्फावरील घसरगाडीच्या सांघिक शर्यतीत, अशी दोन्हीकडे त्याने सुवर्णपदके जिंकली.

आपल्या विद्यार्थिनीला इतक्यात एकाच खेळात अडकवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सायकलीने कमावलेला दम आणि पायांतील ताकद तिला कबड्डीच्या चढाईतही उपयोगी पडेल.