सांडपाणी प्रक्रिया करून सोडले, तर आमच्या तालुक्याच्या गावाची नदी उन्हाळ्यात वाचेल का?

नाही, केवळ तेवढ्याने वाचणार नाही; पावसाळ्यात जी प्रक्रिया पुरेशी ठरते, ती एप्रिल-मेमध्ये अपुरी पडते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१७ च्या अधिसूचनेनुसार महानगरे वगळता इतर ठिकाणी शुद्ध केलेल्या पाण्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू जेवढा ऑक्सिजन खातात तो; आकडा जितका मोठा, तितके पाणी घाण), लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालते, तर स्नानायोग्य नदीसाठी ती ३ पेक्षा जास्त नसावी लागते. नदीच्या मूळ पाण्याची बीओडी १ इतकी कमी धरली, तरी मिश्रण ३ वर आणायला सांडपाण्याच्या साडेतेरा पट नदीचे पाणी त्यात मिसळावे लागते, आणि विदर्भातील बहुतेक लहान नद्यांत उन्हाळ्यात डबकी तेवढी उरतात. वीस हजार वस्तीला माणशी १३५ लिटर पाणी मिळत असेल आणि त्यातील ऐंशी टक्के गटारात जात असेल, तर रोज सुमारे साडेएकवीस लाख लिटर सांडपाणी निघते. कोरड्या पात्रात तेच नदी होऊन बसते. शिवाय साध्या प्रक्रियेत नायट्रोजन व फॉस्फरस बरेचसे शिल्लक राहतात, त्यावर जलपर्णी पोसते. म्हणून उन्हाळ्याच्या महिन्यांत हे पाणी नदीत न सोडता अन्यत्र वळवणे अधिक शहाणपणाचे. नागपुरात भांडेवाडीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे असे पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते, लहान गावाला कपाशी किंवा झाडांची लागवड हा सोपा मार्ग आहे. मात्र निर्जंतुकीकरण खात्रीचे नसेल, तर ते कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीपाल्याला मुळीच देऊ नये.