दगड आणण्याआधी भिंत वाजवून बघा
जुन्या घरातल्या बाथरूमच्या भिंतींना कोटा दगड लावायचा म्हणताय, तर दगडाची घाई नको. आधी हातोडीच्या दांड्याने भिंत ठोका, खालपासून वरपर्यंत. बद्द आवाज आला तिथे गिलावा विटेपासून सुटलाय; तो सगळा काढाच. चुन्याचा गिलावा नखाने खरवडल्यावर पिठासारखा गळत असेल, तर त्यावर काहीही धरणार नाही. 20 मिलिमीटर जाडीचा दगड चौरस फुटाला साधारण 5 किलो भरतो. रंगावर किंवा पुट्टीवर एवढं वजन टांगू नका.

ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी भिंतीतली जुनी जीआय लाइन, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप, तशीच ठेवली होती. दोन पावसाळ्यांत दगडावर पांढरे क्षार फुटले आणि पाइपसाठी चार लाद्या फोडाव्या लागल्या, फार जिवावर आलं. म्हणून आधी पाइप बदला, दाब देऊन तपासा, मगच नवा गिलावा. तो ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा हवा, पण घोटू नका, खरखरीतच ठेवा. किमान 7 दिवस पाणी मारा, पूर्ण वाळू द्या, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात.

आणि पांढरा संगमरवर घेतलात, तर तो चिकटवायचं अ‍ॅडहेसिव्हही पांढरंच. राखाडी आतून दिसतं.